बाबांची व्हिडिओ लायब्ररी आवरतेय. माळ्यावरच्या ११०० कॅसेटचं काय करू?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीपासून चार पावलांवर आमचा गाळा आहे. १९८४ पासून तिथे बाबांची व्हिडिओ लायब्ररी होती. आता मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स आणि लॅमिनेशन चालतं, पण गल्लीत कुणी पत्ता विचारला तर लोक अजूनही "लायब्ररीशेजारी" असंच सांगतात. बाबा ७४ वर्षांचे झाले, जिना चढवत नाही, मी पुण्यात. गाळा विकायचं ठरलंय आणि दिवाळीपर्यंत ताबा द्यायचाय.

गेल्या रविवारी माळ्यावर चढले. मोजून ११०० च्या आसपास व्हीएचएस कॅसेट निघाल्या. मराठी, हिंदी आणि बऱ्याच कन्नड. मिरज म्हणजे सीमेवरचं गाव, त्यात दवाखान्यांचं. विजापूर, बेळगाव, गोकाककडून पेशंट येतात, नातेवाईक पंधरा-पंधरा दिवस लॉजवर राहतात. लॉजवाले व्हीसीपी (कॅसेट लावून बघायचं यंत्र) ठेवायचे आणि कॅसेट आमच्याकडून न्यायचे. कन्नड नट डॉ. राजकुमार यांच्या पिक्चरची कॅसेट आली की ती आठवडाभर कपाटात परत येत नसे.

कॅसेटखाली बाबांची खतावणी सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याच्या चार वह्या, एका मेंबरला एक पान. तारीख, कॅसेट नंबर, १० रुपये, परत आल्याची टिक. कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात बाबांच्या नोंदी. "घरात म्हातारी माणसं, मारामारी नको." "रिवाइंड करून देतात." "दादा कोंडके फक्त शनिवारी, मुलं आजोळी गेल्यावर." एका लॉजच्या पानावर लिहिलंय, "खोली ६, मुलाचं ऑपरेशन आहे. दवाखान्याचा सीन असलेला पिक्चर देऊ नये."

मी बाबांना विचारलं, सगळे पिक्चर तुम्ही बघितले होते का? म्हणाले, "बघितल्याशिवाय कुणाच्या हातात काय द्यायचं, ते कसं कळणार?"

भंगारवाला म्हणाला, प्लास्टिक मिक्स आहे, वजनावर फार काही येणार नाही. मला पैशासाठी विकायच्या नाहीत, पण फेकवतही नाहीत. आणि ११०० कॅसेट पुण्याच्या टू बीएचकेत मावणार नाहीत. कुणी यातून गेलंय का? काय केलंत?

---

गिरगावकर | शनिवार, रात्री ११:१५

ताई, खोली ६ ची नोंद वाचून थांबलो. त्या वह्या आधी सांभाळा, बाकीचं नंतर.

आपण या दुकानांना "लायब्ररी" का म्हणतो, त्याला कारण आहे. मुंबईत कॅसेट भाड्याने देण्याचा धंदा १९७९ मध्ये शेमारूने सुरू केला, आणि शेमारू म्हणजे मुळात १९६२ पासून पुस्तकं घरी वाचायला देणारी लायब्ररी. मेंबरशिप, डिपॉझिट, उशीर झाला तर दंड, ही सगळी पद्धत पुस्तकांकडून कॅसेटकडे तशीच आली. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घराघरांत शिरला आणि मग गल्लोगल्ली पाट्या लागल्या.

आमच्या चाळीत गणपतीत दीड दिवस व्हीसीआर भाड्याने यायचा. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असा एकत्र भाव. पोरं रात्री दहाला बसायची, तिसरा पिक्चर संपायला उजाडायचं. कॅसेट अडकली की सगळ्यांचे श्वास अडकायचे, आणि मग वरच्या मजल्यावरचे काका करकरीत नोट घेऊन व्हीसीआरचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, पुसायला यायचे.

---

स्पष्टवक्ता | रविवार, सकाळी ८:०५

भावना समजतात, पण एक गोष्ट बोलायलाच हवी. त्या काळातल्या बऱ्याचशा कॅसेट चोरीच्या होत्या. निर्माते हिंदी पिक्चरचे व्हिडिओ हक्क भारतात लवकर विकत नसत. परदेशासाठी विकलेल्या हक्कांची प्रत दुबईहून यायची आणि इथे तिच्या शेकडो कॉप्या निघायच्या. थिएटरवाल्यांचं, वितरकांचं, पडद्यामागच्या कामगारांचं यात नुकसान झालं. माझे वडील साताऱ्याला थिएटरमध्ये प्रोजेक्टरवर होते. नवीन पिक्चरच्या पहिल्याच आठवड्यात बाल्कनी रिकामी राहिली की घरी त्यावर बोलणं व्हायचं. म्हणून लायब्ररी बंद पडली याचं मला तरी दुःख होत नाही.

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ९:३०

@स्पष्टवक्ता, तुमच्या वडिलांची बाजू खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सुरुवातीची दोन वर्षं आपल्याकडेही तसला माल होता. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, प्रत्येक कॅसेटवर हक्कदाराचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर सर्टिफिकेट दिसणं सक्तीचं झालं. गावात एकदा धाड पडली, तेव्हापासून त्यांनी फक्त कंपनीच्या कॅसेट ठेवल्या. त्या महाग पडायच्या, म्हणून नवीन पिक्चर आमच्याकडे शेजारच्या दुकानापेक्षा उशिरा यायचे आणि गिऱ्हाईक तिकडे जायचं.

मराठीची गोष्ट मात्र वेगळी होती. मराठी पिक्चर मिरजेच्या थिएटरात आठवडा-दोन आठवडे लागायचा आणि जायचा. बायकांना, म्हाताऱ्यांना तो नंतर बघायला मिळाला तो कॅसेटवरच. राजा परांजपे, अनंत माने यांचे जुने चित्रपट आईने पहिल्यांदा आमच्या काउंटरमागे बसून पाहिले.

---

डिशअँटेना | रविवार, दुपारी १:२०

धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी इचलकरंजीत १९९० पासून केबलचा धंदा केला. तेव्हा केबल म्हणजे चॅनल नव्हते. एक व्हीसीआर, त्याचं चित्र वायरवर चढवणारा मॉड्युलेटर, छपरांवरून टाकलेली वायर आणि रात्री साडेनऊचा पिक्चर. कॅसेट मी चौकातल्या लायब्ररीतून आणायचो. १० रुपये भरायचो आणि तीनशे घरांत तो पिक्चर दाखवायचो.

त्या मालकाला सगळं माहीत होतं. त्याच्याच घरी माझं कनेक्शन होतं. रात्री त्याच्या टीव्हीवर त्याचीच कॅसेट चालायची आणि दुसऱ्या दिवशी ती कुणी मागायचं नाही. तरी त्याने मला कधी नाही म्हटलं नाही. वर्षभराने मी त्याला महिन्याचे पैसे ठरवून द्यायला लागलो, पण तोवर त्याचे निम्मे मेंबर गेले होते. १९९२ च्या दसऱ्याच्या सुमारास झी आलं आणि मग लोकांना रात्रीच्या पिक्चरचीही गरज उरली नाही. त्याने ९४ ला दुकान बंद करून पिठाची गिरणी टाकली.

आजकाल सगळे म्हणतात मोबाईलने लायब्ररी खाल्ली. आमच्या गावात तरी पहिला घाव माझ्यासारख्यांनी घातला. त्या मालकाला हे मी तोंडावर कधी बोललो नाही, तो आता हयात नाही. इथे लिहितोय.

---

गिरगावकर | रविवार, दुपारी २:१०

@डिशअँटेना दादा, मनापासून लिहिलंत.

शहरात दुकानं नंतर सीडीवर तगली. व्हीसीडी आली तेव्हा एका पिक्चरच्या दोन चकत्या असायच्या आणि मध्यंतर म्हणजे चकती बदलणं. मग डीव्हीडी. आमच्या लायब्ररीवाल्याने २००० नंतर जगभरचे सिनेमे ठेवायला सुरुवात केली, इराणी, कोरियन, फ्रेंच. मी तिथेच शिकलो सिनेमा बघायला. त्यालाही धक्का बसला तो २००७ मध्ये. मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. भाडं २५-३० रुपये असताना विकतच ३४ ला मिळत असेल, तर परत द्यायला कोण येणार? मग मेमरी कार्डात पिक्चर भरून देणारे आले, आणि २०१६ मध्ये जानेवारीत नेटफ्लिक्स आणि सप्टेंबरात जिओ. तोवर आमच्या दुकानाच्या जागी मोमोज मिळायला लागले होते.

---

सोल्डरगन | रविवार, रात्री ९:४५

मी पुण्यात जुन्या टेप डिजिटल करून देण्याचं काम करतो. ताई, कृपया खालचं लक्ष देऊन वाचा, आणि बाबांनाही सांगा.

कुठलीही कॅसेट आत्ता व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी झाकण वर करून फीत बघा. त्यासाठी कॅसेटच्या कडेची छोटी खिटी दाबावी लागते. पारदर्शक खिडकीतून गुंडाळीची कड पण बघा. तिथे पांढरी भुकटी किंवा पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी एक कॅसेट चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते. मिरजेच्या पावसात तीस वर्षं माळ्यावर राहिलेल्या मालात निम्म्यांना तरी असेल, असं धरून चाला. बुरशीवाल्या वेगळ्या काढा, एकेक प्लास्टिक पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. उन्हात अजिबात वाळवू नका, फीत वाकडी होते. उरलेल्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या नाहीत.

आता हिशेब. ई-१८० कॅसेटमध्ये जवळपास अडीचशे मीटर फीत असते आणि ती तीन तास चालते. डिजिटल करायलाही तीनच तास लागतात, घाई करता येत नाही. ११०० कॅसेट म्हणजे ३३०० तास. रोज आठ तास मशीन चालवलं तरी चारशेच्या वर दिवस. आणि चांगल्या हेडचे व्हीसीआर आता फक्त जुन्या बाजारात. जपानच्या फुनाईने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची कंपनी होती.

म्हणून सगळ्या वाचवायच्या नाहीत. निवडायच्या. जो पिक्चर आज कुठेही चांगल्या प्रतीत मिळतो, त्याची व्हीएचएस ठेवून उपयोग नाही, तिच्यात जेमतेम २४० रेषांचं चित्र असतं. आधी मागची टिकली बघा. कंपनीच्या कॅसेटला रेकॉर्डिंगची छोटी प्लास्टिकची टिकली तोडलेली असते, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. टिकली शाबूत असेल, किंवा तोडून त्यावर सेलोटेप चिकटवलेली असेल, तर त्यात कुणीतरी घरी काहीतरी भरलंय. त्या कॅसेट जगात एकच असतात. त्या सगळ्यात आधी.

---

ओकट्रीवाली | सोमवार, पहाटे ५:३०

न्यू जर्सीहून लिहितेय. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आम्ही किराणा घ्यायला जायचो, तिथे पीठ-मसाल्यांच्या मागे एक भिंत हिंदी कॅसेटची असायची. डॉलर-दीड डॉलर भाडं. मराठी जवळजवळ काही नसायचं. आमच्या मंडळातल्या एकीचा भाऊ दादरहून मराठी नाटकांच्या कॅसेट पाठवायचा, पण त्या भारतातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीच्या आणि इथे चालते एनटीएससी. नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसायच्या. शेवटी पाच घरांनी वर्गणी काढून दोन्ही चालणारा व्हीसीआर घेतला आणि तो दर महिन्याला एकेका घरी जायचा. नाटक बघायला पंचवीस माणसं, पिठलं-भात, बर्फात गाड्या लावायला जागा नाही. माझ्या मुलीला मराठी येतं ते त्या महिन्याच्या एका रविवारामुळे.

इथे ब्लॉकबस्टरची एकेकाळी नऊ हजारांवर दुकानं होती. २०१० ला दिवाळं निघालं, आता ओरेगनमधल्या बेंड गावात एकच उरलंय. मी गेल्या वर्षी गेले होते. लोक फोटो काढतात, टी-शर्ट घेतात. मला त्याहून सिएटलचं स्केअरक्रो व्हिडिओ जास्त महत्त्वाचं वाटतं. एक लाखाहून जास्त चित्रपट आहेत त्यांच्याकडे. २०१४ मध्ये मालकांनी दुकान बंद न करता त्याची विनानफा संस्था केली, आणि लोक देणग्या देऊन ती चालवतात. आपल्याकडे गावोगावी शंभर-दीडशे वर्षांची सार्वजनिक वाचनालयं लोकांनी वर्गणीवर जगवली. त्यातलं एखादं कपाट या कॅसेटना मिळू नये?

---

गावभाग | सोमवार, सकाळी ७:५०

सांगलीहून. माझ्या काकांची लायब्ररी गावभागात होती. त्यांनीही "बघू नंतर" म्हणत कॅसेट तळमजल्यावर ठेवल्या. २००५ च्या पुरातून अर्ध्या वाचवल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी दुसऱ्या पायरीवर आलं तेव्हा आम्ही माणसं आणि गॅस सिलिंडर काढले. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर चिखलाच्या विटा झालेल्या. ट्रॅक्टरभर. त्यात काकांनी चित्रित केलेली माझ्या आई-वडिलांच्या लग्नाची कॅसेट होती.

ताई, दिवाळीची वाट बघू नका. टिकलीवाल्या आजच वेगळ्या काढा.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, सकाळी ११:००

माझा आधीचा प्रतिसाद अर्धवट होता. सोल्डरगन यांनी सांगितलेला, कंपनीच्या आणि घरी भरलेल्या कॅसेटमधला फरक मी केला नव्हता.

थोडी कायद्याची माहिती, उपयोगी पडेल म्हणून. चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. त्याहून जुना मराठी चित्रपट कॅसेटवर असेल आणि आज कुठेच मिळत नसेल तर अशा चित्रपटांची यादी मोलाची आहे. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, आता ते एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) आहे. ते मुख्यतः फिल्मची रिळं जपतात, त्यामुळे कॅसेट घेऊन थेट दारात जाऊ नका. आधी नाव, वर्ष, कंपनी, फितीची अवस्था अशी नीट यादी करून पत्राने विचारा. यादी टाइप करायला मी मदत करतो. वडिलांनी ज्या पिक्चरची रिळं चालवली त्यातले बरेच मला आज कुठेही दिसत नाहीत, हे मलाही डाचतं.

---

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. इतके दिवस लिहिलं नाही कारण शनिवार-रविवार मिरजेत माळ्यावरच होते. गावभाग, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच संध्याकाळी गाडी काढली.

हिशेब देते. ४३० कॅसेटना बुरशी. सहज मिळणारे हिंदी पिक्चर बाजूला काढले, ते बाबांच्या संमतीने भंगारात गेले. बाबा त्या दिवशी शटरबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि पोत्यात पडणाऱ्या प्रत्येक कॅसेटचा नंबर सांगत होते. जुन्या मराठी आणि कन्नड मिळून १६० ठेवल्या. त्यांची यादी स्पष्टवक्ता यांना पाठवली आहे. कन्नडसाठी धारवाडच्या एका प्राध्यापकांशी बोलणं चालू आहे.

आणि टिकलीवाल्या. ३८ निघाल्या. बहुतेक लग्नं, मुंज, एक डोहाळजेवण. बाबा लायब्ररीबरोबर लग्नाची शूटिंगही घ्यायचे, खांद्यावर ठेवायचा तो नॅशनलचा एम-७ कॅमेरा होता. ज्यांची लग्नं आहेत त्यांना खतावणीतले पत्ते शोधून फोन करतेय. दोन घरी आता फोन उचलणारं कुणी नाही.

सात कॅसेटवर बाबांच्या अक्षरात "दर्गा, रात्र पहिली", "दर्गा, रात्र दुसरी" असं लिहिलंय. १९८८ ते ९१ मधल्या. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते, खाँसाहेबांची कबरही तिथेच आहे. बाबांनी तिथे कॅमेरा लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. त्यांना कॅसेट होत्या हेही आठवत नव्हतं.

---

सोल्डरगन | रविवार, रात्री ८:५०

त्या सातही माझ्याकडे घेऊन या. पोस्टाने नाही, कुरियरने नाही, हातात. पैसे नकोत. आणि गाणाऱ्यांच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय नेटवर काही चढवू नका.

---

कृष्णाकाठ | पुढच्या महिन्यात, शुक्रवार, रात्री १०:१५

"रात्र दुसरी" झाली. सोल्डरगन दादांनी दोन दिवस नुसती फीत साफ करण्यात घालवले, हाताने, थोडी थोडी. चित्राच्या खालच्या कडेला पट्टा थरथरतो, पहिली अकरा मिनिटं आवाज नाही. मग एकदम तंबोरे ऐकू येतात. समोर बसलेली माणसं, मांडीवर झोपलेली पोरं, मागे हिरवी चादर.

गेल्या रविवारी मी ती लॅपटॉपवर बाबांना दाखवली. गाणाऱ्या बाई कोण ते त्यांना आठवेना. पण तंबोऱ्यावर कॅमेरा गेला तसे ते पुढे सरकले आणि मला थांबवायला लावलं. भोपळ्यावरचं कोरीवकाम बघून म्हणाले, हा आपल्या गल्लीतला आहे, आणि कुठल्या घरातला तेही सांगितलं. तसेच चपला घालून गेले आणि त्या घरातल्या नातवाला घेऊन आले. तोही तंबोरेच बनवतो. त्याने चित्र मोठं करून बघितलं, मागेपुढे केलं आणि म्हणाला, "ही वेल आजोबा काढायचे. आमच्याकडे त्यांच्या हातचा एकही उरला नाही." त्याला कॉपी हवी होती.

मी पेनड्राइव्हवर करून दिली. बाबांनी खतावणीची चौथी वही मागितली, शेवटचं कोरं पान काढलं, त्याचं नाव आणि तारीख लिहिली. कॅसेट नंबरच्या रकान्यात "दर्गा, रात्र दुसरी". कडेला पेन्सिलीने, "आजोबांचा तंबोरा. घाई करू नये."

"रात्र पहिली" पुढच्या शनिवारी पुण्याला नेतेय. तिला बुरशी जास्त आहे.